सहा सुताची फळी

घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्याला थिकनेस प्लेनर कशाला हवा, हे घरच्यांना पटवणं मशीन निवडण्यापेक्षा अवघड. ‘‘अहो, एवढ्या पैशात तयार टीपॉय येतो,’’ असं बायको म्हणाली. खरं तर तीन येतात. पण मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

वखारीत ‘सहा सुताची फळी द्या’ म्हणावं (आठ सूत म्हणजे एक इंच), तर मिळते ती एका टोकाला सहा, दुसऱ्या टोकाला सात आणि मध्ये मालकाच्या मर्जीची. हाताच्या रंध्यानं ती सारखी करता येते; फक्त त्यासाठी मिस्त्रींचे दंड हवेत. ते नसतील, तर हेच काम थिकनेस प्लेनर करतो.

मकिताचं 2012एनबी बारा इंच रुंद फळी घेतं, वजन सुमारे 28 किलो. काम झालं की उचलून पलंगाखाली सरकवायचं आणि कमरेला पट्टा बांधून आपण पलंगावर. डीवॉल्टचं 735 तीन पात्यांचं, तेरा इंची. पण ते 42 किलोच्या आसपास. एकदा ठेवलं की घरानंच त्याच्याभोवती जागा करून घ्यायची. बिननावाची स्वस्त मशिनं यांचीच सख्खी भावंडं वाटतात. बदली पाती मागितली की दुकानदार ‘मागवावी लागतील’ म्हणतो. कुठून, ते सांगत नाही.

आणि एक गोष्ट कोणताच विक्रेता आपणहून सांगत नाही: हे मशीन वाकडी फळी सरळ करत नाही. आतले रूळ तिला खाली दाबतात, पाती वरून तासतात, रूळ सुटले की फळी पुन्हा मूळ स्वभावावर. वाक तसाच, फक्त जाडी सगळीकडे सारखी. शिवाय दोन्ही टोकांना ते दोनेक इंच जरा जास्तच खातं, कारण तिथे फळी एकाच रुळाच्या हाती असते. ही मशीनची दक्षिणा समजून फळी चार इंच लांब घ्यावी. आवाजाचं म्हणाल, तर पुण्यात दुपारी एक ते चार हे चालवणं म्हणजे कायद्यात राहून गेलेला गुन्हा.

वाक काढायचा तर एक बाजू आधी सपाट हवी, म्हणून लोक ती करणारा जॉइंटर घ्यायला निघतात. नका घेऊ. जाड, सरळ प्लायवर फळी ठेवा, डुगडुगेल तिथे पाचरी सारून चिकटवा आणि प्लायसकट मशीनमधून काढा. वरची बाजू सपाट झाली की फळी उलटी करून नुसतीच घाला. बारा इंची, दोन पात्यांचं, ज्याची पाती गावात मिळतात असं मशीन हौसेला पुरे. पाडलेल्या वाड्याचं सागवान असेल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एका खिळ्यात पात्यांची धार जाते.

आणि वर्षाकाठी एखादाच टीपॉय होणार असेल, तर थिकनेस प्लेनर असलेली वखार हेच काम थोड्या पैशांत करून देते. एवढं वाक्य मात्र घरी वाचून दाखवू नका.