साडेएकोणसाठ युरोंचा धबधबा

रविवारी इथे गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, भिंतीला ड्रिल लावायचं नाही. त्यामुळे झिंडेलफिंगेनमधल्या आमच्या गल्लीत रविवारी दुपारी माणसाला गप्पा मारण्यावाचून गत्यंतर नसतं. श्टुटगार्टला लागून असलेलं हे मोटारींचं गाव. पुण्या-पिंपरीची बरीच मंडळी नोकरीपायी इथे येऊन टेकली आहेत. आमच्या घरात आणि पलीकडच्या घरात छातीएवढं हिरवं कुंपण, आणि कुंपणापलीकडे सांगलीच्या वहिनी.

पफिंग्स्टच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत या मंडळींनी भाड्याची कॅम्परव्हॅन घेतली होती. श्टुटगार्ट ते थेट दुब्रोवनिक. नवरा, दोन मुलं आणि भारतातून आलेल्या सासूबाई. पाच माणसं नि पत्र्याचं एक घर. काल रात्री परतल्याचं गाडीच्या आवाजावरून कळलं होतं, पण सकाळपासून कुणाचं तोंड दिसलं नव्हतं. दुपारी कुंड्यांना पाणी घालायला गेले तर वहिनी कुंपणाशी उभ्याच.

"ताई, धबधबा बघायला किती पैसे पडतात हो?"

"कुठला? शाफहाउझेनचा? काठावरनं बघितला तर फुकट की."

"आम्हाला एकशे एकोणीस युरो पडले."

मी झारी खाली ठेवली. अशा वाक्यानंतर झारी हातात ठेवून चालत नाही.

"ए-81नं खाली उतरलो, झिंगेन ओलांडलं. स्वित्झर्लंड लागलं ते कळलंसुद्धा नाही. रस्त्याचा 40 फ्रँकचा व्हिन्येट आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे आमचे हे एकदम निर्धास्त. म्हणाले, आपण सगळं कायदेशीर केलंय. ऱ्हाइनचा तो धबधबा, दीडशे मीटर रुंद, सासूबाईंना दाखवायचाच होता. दोन तास थांबलो. मुलांनी व्हिडिओ काढले आणि लगेच आजोबांना सांगलीला पाठवले. माझा फोन मागच्या मागे सगळे फोटो कुठल्या ढगात चढवत होता. आणि ह्यांच्या फोनवरनं हॉटस्पॉट लावून..."

"सासूबाईंची मालिका."

"साडेचारला! तिकडं आठ वाजले म्हणजे इथं साडेचार. धबधबा डाव्या हाताला, नजर उजव्या हातातल्या फोनवर. मी म्हटलं, आई, समोर बघा. त्या म्हणाल्या, धबधबा कुठं जातोय? ही सून मात्र आज घर सोडून चाललीय."

तोवर वहिनींच्या मागे आजी स्वतःच खुर्ची ओढत आल्या आणि अगदी कुंपणाला टेकून बसल्या. हातात फोन. मला वाटलं, गप्पा ऐकायला आल्या असतील.

"पण वहिनी, तुमचा प्लॅन तर अमर्याद होता ना? मागं सांगत होतात."

"अमर्याद! ह्यांनी दुकानात तीन वेळा विचारलं, युरोपात चालेल ना? तो म्हणाला, चालेल. मग स्वित्झर्लंड काय आफ्रिकेत आहे?"

खरी मेख इथेच आहे, आणि तीच मी वहिनींना समजावून सांगितली. दुकानदार युरोप म्हणतो तेव्हा त्याच्या मनात युरोपीय संघ असतो, आणि आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात शाळेतला नकाशा असतो. 15 जून 2017 पासून संघात रोमिंगचा वेगळा दर उरला नाही. जर्मनीतला प्लॅन इटलीत, स्लोव्हेनियात, क्रोएशियात घरच्यासारखा चालतो. नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनश्टाइन संघात नाहीत, पण या नियमात आहेत. यंदाच्या 1 जानेवारीपासून युक्रेन आणि मोल्दोवासुद्धा आत आले. स्वित्झर्लंड मात्र संघाच्या पोटात बसून बाहेर. काही कंपन्या आपणहून ते प्लॅनमध्ये धरतात, काही धरत नाहीत. ते छापील कागदाच्या खालच्या बारीक अक्षरांत असतं, आणि ती अक्षरं आपण घरी आल्यावर वाचतो.

"बिल किती आलं? नीट आकडा सांगा."

"दोन्ही फोनना सारखंच. साडेएकोणसाठ, साडेएकोणसाठ. ह्यांना तर वाटलं, यंत्राची चूक आहे. दोघांनी वेगवेगळं वापरून आकडा सारखा कसा?"

"चूक नाही हो, ती तुमची ढाल आहे. रोमिंगच्या डेटाचे 50 युरो झाले की कंपनीनं लाइन तोडायची, असा नियम आहे. वर 19 टक्के कर. झाले साडेएकोणसाठ. तोडली नसती तर आजींची मालिका पाचशेला गेली असती. मधे मेसेज नाही आला?"

"आला होता. ऐंशी टक्के संपले म्हणून. हे म्हणाले, जाहिरात असेल."

जर्मन भाषेत आलेला प्रत्येक लांब मेसेज जाहिरात समजायची आपल्याकडच्या पुरुषांना सवय आहे. आमच्याकडे एकदा टॅक्स ऑफिसचं पत्र याच भावनेनं पिझ्झाच्या पत्रकांत गेलं होतं.

"पुढं गंमत ऐका," वहिनी आता रंगात आल्या होत्या. "मुक्काम लिक्टेनश्टाइनला. तिथं फ्रँकच चालतात, सीमेवर कोणी उभं नाही, सगळं स्वित्झर्लंडसारखंच. ह्यांनी घाबरून सगळ्यांचे फोन बंद करायला लावले. रात्रभर चिडीचूप. आणि तुम्ही आत्ता म्हणता तिथं फुकट होतं!"

"पैसा स्विस, इंटरनेट युरोपचं. पण तुम्ही केलंत ते बरंच केलं. तिथं ऱ्हाइन नदी हीच सीमा. पलीकडच्या काठावर स्विस टॉवर. फोनला देश कळत नाही, त्याला जोरात हाक मारणारा टॉवर कळतो. बोडनझेच्या काठी, आपल्याच जर्मनीत बसून, लोकांचे फोन सरोवरापलीकडचा स्विस टॉवर पकडतात. तिथं नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करून हातानं निवडायचं. नाहीतर सरळ डेटा रोमिंग बंद. आणि ब्यूझिंगेन ठाऊक आहे का? जर्मनीचं गाव, पण चहूबाजूंनी स्वित्झर्लंड. पिनकोड दोन, टेलिफोनचे कोड दोन. तिथं खिशातल्या फोनचं राष्ट्रीयत्व काय ते त्याचं त्यालाच माहीत."

"म्हणजे बॉर्डर आता फक्त फोनला कळते म्हणा की."

"त्यालाही चुकीची कळते."

आजी मध्येच म्हणाल्या, "आमच्या वेळी जकात नाका तरी होता. गाडी थांबायची, माणूस खाली उतरायचा, चहा प्यायचा." बोलताना त्यांनी स्क्रीनवरची नजर काही काढली नाही.

क्रोएशियापर्यंत मग सगळं सुरळीत झालं म्हणे. इटलीतून स्लोव्हेनिया, तिथून क्रोएशिया. त्या टोकाला अंतरं इतकी कमी की तासाभरात तीन देशांचे स्वागताचे मेसेज. क्रोएशिया 2023 च्या जानेवारीत शेंगेनमध्ये आला, तेव्हापासून तिथला नाकाही उठला. दुब्रोवनिकच्या वाटेबद्दल मी वहिनींना मुद्दाम विचारलं, "नेऊमवरनं गेलात की पुलावरनं?"

"पुलावरनं. केवढा मोठा पूल! का?"

"सासूबाईंच्या व्हिसावर एन्ट्री एकच असेल तर पंचाईत, म्हणून विचारलं. नेऊम बोस्नियाचं. किनाऱ्यावरचा छोटासा तुकडा, आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता, पण संघाबाहेरचा. 2022 च्या जुलैत पेल्येशाचचा पूल सुरू झाला तोवर सगळ्यांना रस्त्यानं तिथूनच जावं लागायचं. आमचे हे 2019 मध्ये त्यांच्या ऑफिसातल्या एकाबरोबर गेले होते. नऊ किलोमीटरांत नकाशा चालू, गाणी चालू. गाणी चांगली होती म्हणतात. पैशाचं बोलत नाहीत."

वहिनी आत जाऊन भडंगाची वाटी घेऊन आल्या, कुंपणावरून माझ्याकडे दिली आणि खालच्या आवाजात खऱ्या विषयाकडे वळल्या. "आता दिवाळीच्या सुमारास परत जायचं मनात आहे. काय घेऊ सांगा. हे तर म्हणतात, घरी भिंतीत लावायचा तो सिमवाला वायफाय डबा मिळतो, अमर्याद आणि स्वस्त, तोच गाडीत ठेवू."

"अजिबात नको. ते डबे घरापुरते असतात. काही तर नोंदवलेल्या पत्त्याबाहेर चालत नाहीत, आणि बरेचसे जर्मनीबाहेर मुकेच. तुमचा आहे तोच प्लॅन ठेवा. फक्त अमर्याद शब्द विसरा. इथं अमर्याद असला तरी बाहेर मर्यादा असते, आणि ती तुम्हाला काढता येते. महिन्याचं किती भरता?"

"पावणेतीस."

"कर काढून पंचवीस. यंदाचा घाऊक दर जीबीला 1.10 युरो. पंचविसाला त्यानं भागा आणि दुप्पट करा. पंचेचाळीस जीबी. एवढं तरी त्यांनी बाहेर द्यायलाच हवं. पुढच्या वर्षी दर 1 युरो होतोय, म्हणजे पन्नास."

वहिनींनी फोनवर हिशेब करून बघितला. मी सांगितलेला हिशेब कुणी माझ्यासमोर तपासला की मला राग येतो, पण सांगलीची माणसं आहेत, हळदीच्या बाजारात वाढलेली.

"पंचेचाळीस पुरतील?"

"नकाशा आणि फोनला पुरून उरतील. आजींची मालिका, मुलांचे खेळ, तुमच्या ह्यांच्या ऑफिसच्या मीटिंगा, एवढं सगळं एका फोनच्या हॉटस्पॉटवर टाकलंत तर दोन आठवड्यांत संपतील, आणि फोनही तव्यासारखा तापेल. त्यापेक्षा खिशात मावणारा वेगळा राउटर घ्या, हव्या त्या देशाचं सिम घालता येईल असा. क्रोएशियात दहा-बारा दिवस मुक्काम असेल तर तिथलं पर्यटकांचं प्रीपेड सिम घाला. ठरावीक दिवसांपुरता भरपूर डेटा देतात. स्वित्झर्लंडसाठी दोन-तीन जीबीचं ई-सिम, निघायच्या आधी घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. मात्र यादीत स्वित्झर्लंड हे नाव डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नका. युरोप पॅक लिहिलंय म्हणून नाही. आणि राउटर खिडकीत ठेवा. पत्र्याच्या गाडीत कपाटात ठेवून सिग्नल नाही म्हणून रडू नका. ऑफिसचं काम असेल तर छतावर अँटेना लावून घ्या."

"कोपऱ्यावरच्या आजोबांनी ती चपटी थाळी लावलीय, उपग्रहाची."

"त्यांचं निराळं. त्यांना सतरा वेळा विचारून झालंय माझं." आणि मग अर्थातच आम्ही कोपऱ्यावरच्या जर्मन आजोबांवर घसरलो. दर हिवाळ्यात आजोबा स्वतःची गाडी घेऊन पोर्तुगालच्या दक्षिणेला जातात, नोव्हेंबर ते मार्च. रोमिंग फुकट आहे म्हणून मागं त्यांनी इथलंच सिम वापरलं. चार महिन्यांनी कंपनीचं पत्र: तुम्ही घरी कमी आणि बाहेर जास्त आहात, 14 दिवसांत सुधारा, नाहीतर जादा आकार. आकार फार नसतो, जीबीला सव्वा युरोच्या आसपास, पण आजोबांना तो अपमान वाटला. चाळीस वर्षं मी या देशात कर भरतोय आणि मला विचारतात घरी का नसतोस! त्यांनी रागानं पोर्तुगीज सिम घेतलं, वर ती थाळीही बसवली. थाळीला मोकळं आकाश लागतं, आणि त्यांच्या आजीबाईंना मुक्काम हवा पाइनच्या झाडाखाली, सावलीत. म्हणजे पाच महिने दोघांचं भांडण.

"त्या एकट्याच परत आल्या होत्या ना गेल्या फेब्रुवारीत?"

"विमानानं. सावलीवरून झालं म्हणतात."

"आणि आपल्या ओळखीतले कोणीतरी बोटीवर गेले होते ना? मधे इटलीहून?"

"ते सांगू नका, बोटीवरचा टॉवर म्हणजे समुद्रातला सावकार. किनारा दूर गेला की बोटीचं स्वतःचं उपग्रहाचं नेटवर्क लागतं, आणि तिथं संघाचा नियम नाही. बोटीत चढताना फोन विमान मोडवर टाकायचा, बस."

ऊन उतरलं. वहिनींच्या मुलानं आतून हाक मारली की घरचं नेट अजून बंदच आहे. नवा डबा लावायला तंत्रज्ञ मंगळवारी येणार, तोवर असंच. वहिनी म्हणाल्या, "हो ना ताई, एवढे देश फिरलो आणि इथं घरी आल्यावर नेट नाही. सकाळपासून बंद आहे."

मी आजींकडे बघितलं. खुर्ची कुंपणाला टेकलेली, फोन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तिरका धरलेला, आणि त्यात ती घर सोडून गेलेली सून ट्रकखाली येता येता वाचत होती. एकदाही न अडखळता.

"आजी, तुमचं कसं काय चालू?"

"तुमच्या नातवानं लावून दिलंय मार्चमध्येच," आजी म्हणाल्या. "मोगऱ्याच्या कुंडीपर्यंत छान येतं. त्याच्या पुढं अडकतं."