टक-टक-टक आणि गुरुजींची गाडी

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडे सरका, कुंपणाजवळ. हळू बोला बरं, गुरुजींच्या बैठकीची खिडकी उघडीच आहे. सोमवारचं तुम्हाला कळलं असेलच म्हणा, अख्ख्या गल्लीला कळलंय. पण तुम्ही वसमतला माहेरी होतात, म्हणजे मधलं सगळं तुमचं राहिलं ना!

श्रावणी सोमवार. जावई पुण्याहून आलेले. पहाटेच निघून औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं, अभिषेक करायचा, असं ठरलेलं. फुलं, बेलपत्र, दुधाचा तांब्या, सगळं गाडीत. आदल्या रात्री तर ओट्यावर काय रंगली होती बैठक! जावईबापू सांगत होते ते औंढ्याजवळच्या दुधाळ्याच्या प्रकल्पाचं. लायगो हो. 2023 च्या एप्रिलात 2600 कोटी मंजूर झाले ना, तोच. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि कुठं लांब आभाळात काळी विवरं एकमेकांवर आदळली, की त्याची थरथर इथं हिंगोली जिल्ह्यात टिपणार. अणूच्या पोटातल्या कणाहून बारीक हालचाल म्हणे! गुरुजींची मान अशी डुलत होती, जसं ते यंत्र जावयांनीच बनवलंय.

आणि सकाळी? स्वतःच्या दारातली गाडी टक-टक-टक करतेय, आणि एकालाही कळेना कशानं!

हसू नका मोठ्यानं.

तर काय सांगत होते... हां. गुरुजींनी किल्ली फिरवली. दिवे लागले, रेडिओवर भजन सुरू झालं, आणि पुढून टकटकटकटक. सेल्फ फिरायचं नाव नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. मी तुळशीला पाणी घालत होते, म्हणजे मला सगळं दिसत होतंच. आजी दारातूनच म्हणाल्या, "दृष्ट लागली. काल सगळ्यांनी पाहिलीय गाडी धुतलेली." आणि लगेच मीठमोहऱ्या आणायला आत. गुरुजी म्हणाले, उंदीर. पावसात शेतातले उंदीर इंजिनावर येऊन बसतात, वायरी कुरतडतात, हे खरंच आहे म्हणा. त्यांच्या हिनं डांबरगोळ्या टाकल्याच होत्या तिथं. आणि मुलीला वेगळीच धास्ती. मागच्या सीटखालून किल्ली लावल्याबरोबर घूंऽऽ आवाज येतो, तोच बिघाड म्हणून ती हटून बसली.

जावई मात्र शांत. बाह्या वर केल्या. "हे क्लासिक आहे," म्हणाले, "बॅटरी डाऊन." आता तसं चुकीचं नाही हो ते. एकसारखं टकटक वाजलं की पहिला संशय बॅटरीवरच जातो. सेल्फला एका झटक्यात शंभर-दोनशे अँपिअर लागतात, तेवढं पुरवायला बॅटरीत दम हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींनी तर लगेच इतिहास काढला. 1912 साली कॅडिलॅक गाडीला पहिल्यांदा विजेचा सेल्फ बसला, त्याआधी हँडल मारावं लागायचं, उलटा फटका बसला की मनगटं मोडायची लोकांची. आजी म्हणाल्या, "मग मारा की हँडल." कोणी काही बोललं नाही.

आणि गेले हो दुकानात! नवी कोरी बॅटरी आणली, जुनी दिली एक्स्चेंजमध्ये. कुठल्या दुकानातून ते मी नाही सांगत, पण तुम्हाला कळलंच. दुकानदारानं जुनी बॅटरी मीटर लावून तपासली का? नाही. नुसती उचलून पाहिली आणि म्हणाला, "गेलीय साहेब."

बसवताना तर... मी डोळे मिटूनच घेतले. बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचा असतो, हे साधं पोरांनाही माहीत असतं. जावईबापूंनी लावला पाना प्लसला, आणि पाना टेकला बॉनेटच्या पत्र्याला. चर्रऽऽ! ठिणगी अशी उडाली की बेलपत्राची परडी घेऊन उभी असलेली मुलगी मागच्या मागे पायरीवर बसली. जावई म्हणाले, "काही नाही, नॉर्मल आहे." पण तोंड बघायला हवं होतं तुम्ही.

नवी बॅटरी बसली. सगळे गाडीत. गुरुजींनी हात जोडले, किल्ली फिरवली.

टकटकटकटक.

अहो, ती शांतता! मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं सासऱ्याकडे, सासऱ्यानं पावतीकडे.

मग जावई म्हणाले, आता सेल्फच गेलाय, नवा टाकावा लागेल. तेव्हा गुरुजींच्या हिनं, ती एरवी बोलत नाही बघा, पदर खोचला आणि म्हणाली, "मामांना बोलवा. उगाच सामान बदलत बसू नका." मामा म्हणजे ते हो, अकोला बायपासकडचे. परभणीतून आपला जिल्हा वेगळा झाला ना 1999 ला, त्या साली टपरी टाकली त्यांनी, अजून तिथंच आहेत.

मामा आले सायकलवर. बॉनेट उघडलंच नाही! आधी विचारलं, "आवाज कसा यायलाय, करून दाखवा." मग काय, सुरू झाला तमाशा. गुरुजी म्हणाले, "टकटकटक." जावई म्हणाले, "नाही, क्लिक... क्लिक." मुलगी म्हणाली, "घूंऽऽ." आजी म्हणाल्या, "खर्र." मी कुंपणावरून म्हटलं, टकटकच, मी पहिल्यापासून ऐकतेय. मामा सगळ्यांकडे बघत होते, आणि मिशीतल्या मिशीत...

मग त्यांनी समजावलं. घूं तो बरोबर आहे, म्हणाले, टाकीतला पेट्रोलचा पंप आहे तो, किल्ली लावली की दोन सेकंद चालतो, तो यायलाच पाहिजे. मुलीचा चेहरा पडला, तिचा बिघाड गेला ना हातचा. खर्र आला असता तर सेल्फचे दात रिंगला नीट लागत नाहीत म्हणायचं. एकच मोठा टक आणि मग काही नाही, तर सोलेनॉइड किंवा सेल्फ. एकसारखं टकटक म्हणजे सोलेनॉइड ओढतंय, पण करंट पुरत नाही म्हणून सुटतंय, सुटलं की पुन्हा ओढतंय. "आता करंट कुठं अडायलाय ते बघायचं," म्हणाले.

गुरुजींना किल्लीवर बसवलं, हेडलाइट लावायला सांगितले आणि स्वतः समोर भिंतीपाशी उभे राहिले. किल्ली फिरवली, टकटकटक, पण भिंतीवरचा उजेड जागचा हलला नाही. मामांनी जावयांकडे पाहून विचारलं, "साहेब, बॅटरी संपली असती तर दिवे मिणमिणले नसते का?"

अहो, जावयांनी घसा खाकरला. दोनदा.

मग बॉनेट उघडलं. मामांनी क्लचच्या केबलला हात लावला आणि पटकन काढून घेतला. "बगा, हात लावून बगा." गुरुजींनी लावला. गरम! गाडी सुरूही झालेली नाही आणि केबल गरम कशानं? तर म्हणे इंजिनाची अर्थ तुटलीय. सेल्फमधून गेलेला करंट परत बॅटरीच्या मायनसला यायला जाड पट्टी असते, ती कुचकामी झाली, म्हणून बिचारा करंट त्या बारीक केबलीतून वाट काढत होता. दिवे का ठीक, तर त्यांची अर्थ बॉडीवर, ती शाबूत.

मीटर काढलं. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, एक इंजिनाच्या लोखंडावर. किल्ली फिरवली की तिथं जवळजवळ काहीच दिसायला नको, फार तर अर्ध्या व्होल्टच्या आत. आकडा दोनाच्या वर गेला. मामांनी तो वाचून दाखवलासुद्धा नाही, मीटर नुसतं जावयांपुढे धरलं. मग सायकलच्या पिशवीतून जंपरची केबल काढली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनाला. "मारा."

आणि गाडी एका सेल्फात सुरू झाली हो! आजींनी मीठमोहऱ्या तिथंच ओवाळल्या आणि म्हणाल्या, "सांगत होते ना मी!"

पण खरी गोष्ट तर पुढेच आहे. या, अजून जवळ या.

मामा खाली वाकले, टॉर्च मारला. अर्थची पट्टी गिअरबॉक्सला जिथं लागते, तिथला बोल्ट अर्धाच आवळलेला. वायसर नाही, खाली चिखल, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, दोन-चारच काय त्या धरून होत्या. मामा उठले, हात पुसले, आणि सहज विचारलं, "गिअरबॉक्स उतरवला होता का एवढ्यात? क्लच कुणी केला?"

झालं! गुरुजी आभाळाकडे बघायला लागले. त्यांची ही एकदम दुधाचा तांब्या तपासायला लागली. कारण क्लचचं काम गेल्या महिन्यात झालं, आणि ते गॅरेज कुणाच्या ओळखीचं? तिच्या भावाच्या! "आपलाच माणूस आहे, डोळे झाकून द्या," असं तोच म्हणाला होता, इथंच, या ओट्यावर, मी ऐकलंय. मुलगी म्हणाली, "मामांनी सुचवलं होतं ना ते गॅरेज?" आता मामा म्हणजे कुठले मामा, मेकॅनिक की आईचा भाऊ, म्हणून क्षणभर सगळाच घोळ. मेकॅनिक मामा म्हणाले, "म्या नाई." आणि मग सगळ्यांना कळलं कुठले मामा. गुरुजींच्या हिचा चेहरा... जाऊ द्या, बिचारी.

मामांनी पट्टीच्या जागची माती, गंज पॉलिश पेपरनं घासून काढला, नवी पट्टी टाकली, बोल्ट आवळला, वर ग्रीस. टर्मिनललाही व्हॅसलिन लावून दिलं. डायनॅमो चार्ज करतोय का तेही पाहिलं, चौदाच्या आसपास व्होल्ट आले, म्हणाले ब्येस. पैसे सांगितले तर गुरुजींना वाटलं ऐकण्यात चूक झाली, इतके कमी. जावई पाकीट काढत होते तर गुरुजींनी त्यांचा हात धरला, "राहू द्या, तुमचे झालेत खर्च सकाळी." आता हे त्यांनी मायेनं म्हटलं की कसं, मला अजून ठरवता येईना. तुम्हाला काय वाटतं?

दर्शनाला गेले म्हणा उशिरानं. सोमवारची गर्दी, रांग कुठल्या कुठं. जावई त्याच रात्री पुण्याला परतले, लायगोबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आणि ती जुनी बॅटरी! अहो, तेच तर सांगायचं राहिलं. दुकानदारानं ती म्हणे स्वतःच्याच टेम्पोत टाकलीय. आमच्या ह्यांनी काल हळदीच्या मार्केटात पाहिला तो टेम्पो. एका सेल्फात सुरू होतो, म्हणाले. आता हे गुरुजींच्या कानावर घालायचं की नाही, यावर आमचं रात्री जेवताना... थांबा थांबा, गुरुजीच येतायत फाटकातून. तुम्ही जरा कढीपत्ता तोडल्यासारखं करा.