आग्रह आवरा

पाहुणा ताटावर हात आडवा धरतो. यजमानीणबाई बोटांच्या फटीतून जिलबी सोडतात. ‘एवढ्याशाने काय होतंय? आमच्याकडून अर्धपोटी उठायचं नाही!’ पंगत हसते, पाहुणा खातो. आपल्याकडे याला प्रेम म्हणतात आणि ते प्रेम असतंही. पण ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दहा किलो वजन उतरवायला सांगितलंय, त्याने ‘पुरे’ म्हटल्यावर वाढलेली जिलबी हा त्याच्या शब्दाचा अपमान आहे.

वजनावर महाराष्ट्र काही कमी बोललेला नाही. 2018 च्या आसपास घराघरांत दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या हॉलपर्यंत वाद रंगला. केव्हा खायचं यावर आपण कडाकडा भांडलो. किती खायचं हे ठरवतं कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. माझ्या मते आपल्या घरात ते खाणारा ठरवतच नाही. वाढणारा हात ठरवतो, पातेल्यात उरलेलं ठरवतं, ‘अन्न टाकायचं नाही’ ही लहानपणापासूनची धास्ती ठरवते. पोट आणि त्याचे पुढचे भोग तेवढे ज्याचे त्याचे.

पोट भरल्याची जाणीव घास गिळल्या गिळल्या होत नाही. अन्न आतड्यात उतरतं, तिथे जीएलपी-1 सारखी संप्रेरकं सुटतात, मेंदूला कळतं आणि मग हात थांबतो. याला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. टीव्हीसमोर दहा मिनिटांत उरकलेल्या जेवणात तोवर दुसऱ्यांदा भात घेऊन झालेला असतो. 2025 पासून आपल्याकडे मिळू लागलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात. शरीरातलं जीएलपी-1 काही मिनिटांत विरतं, औषधातली नक्कल दिवसचे दिवस टिकते. ज्यांना ती खरोखर लागतात त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावीत. पण ‘पुरे’ वाटावं म्हणून महिन्याला हजारो रुपये मोजायचे आणि शेजारी बसलेला आपणहून ‘पुरे’ म्हणाला की त्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकायची, याला काय म्हणावं?

बरं, परंपरा म्हणावी तर वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त पोटाचे चार भाग सांगितले आहेत. दोन भाग अन्न, एक भाग पाणी, चौथा रिकामा. आपल्या आग्रहाला नेमका तो चौथा भाग खुपतो.

त्यात आपल्या शरीराची ठेवणच अशी की चूक लवकर महागात पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन यडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी मात्र यडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ 25 ऐवजी 23 वर ओढली जाते ती उगाच नाही. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या पुढे गेली की काळजी करावी, असं डॉक्टर सांगतात तेही यासाठीच. ‘अंगाने बारीक तर आहे, खाऊ दे की’ या वाक्यावर विसंबू नका.

आग्रहाच्या मुळाशी उपासमारीची आठवण आहे, हे मी विसरलेलो नाही. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडीवर आणि अमेरिकेहून आलेल्या मिलोवर दिवस काढले, त्यांना ताटातलं शीतही सोडवत नाही. त्यांच्या हातून वाढल्या जाणाऱ्या जादा पोळीमागे काय आहे हे ओळखूनच त्यांना समजवायला हवं, हळू आवाजात, पंगतीत नव्हे. आणि ‘कमी खा’ हा उपदेश सरसकट कुणालाही करायचा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या होत्या आणि त्याच पाहणीत जवळपास 19 टक्के स्त्रियांचं वजन हवं त्याहून कमी होतं. देश एकच, कधी कधी गल्लीही एकच.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो स्वयंपाक करणारीच्या ताटाचा विचार केला की. खरं तर तिला ताटच नसतं. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, सगळ्यांची जेवणं आटोपलेली. पातेल्यात दोन डाव भात, कढईच्या कडेला माखलेली भाजी, मुलाने अर्धी टाकलेली पोळी, वाटीच्या तळाशी शिकरण. ओट्याला टेकून, एका हाताने डबे काढत ती ते संपवते. भूक म्हणून नाही, वाया जाऊ नये म्हणून. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांसमोर ती म्हणते, ‘मी फारसं खातच नाही हो, तरी वजन वाढतं.’ ती खोटं बोलत नसते. तिने स्वतःसाठी वाढूनच घेतलेलं नसतं, मग मोजणार काय? तिच्या हातात छापील आहारतक्ता ठेवला जातो. सकाळी एवढं, दुपारी तेवढं. त्यात ‘घरातल्यांबरोबर बसून जेवा’ ही ओळ नसते. नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून ती ओळ वाचून दाखवावी लागेल, आणि माझ्या मते आधी तेवढंच करावं. ताट वाढून, बसून, सगळ्यांबरोबर जेवलं की आपण किती खाल्लं हे तिचं तिला दिसतं.

तेलाचंही असंच, दिसत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोजचं होतं सुमारे 42 मिलिलिटर, म्हणजे 38 ग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर जवळपास 340. बाहेरचा वडापाव आणि फरसाण यात धरलेलंच नाही. एक पोळी कमी केल्याचं कौतुक सांगणाऱ्या घराने आधी तेलाचा डबा महिन्याला किती उतरतो ते पाहावं. बाटलीने तेल ओतणं बंद करून चमच्याने घातलं तरी फरक कळतो.

घरात करण्यासारखं बाकी फार अवघड नाही. भाताचं पातेलं जेवायच्या जागेपासून लांब ओट्यावर ठेवा. उठून जायचं म्हटलं की भूक उरली आहे का हे माणूस स्वतःलाच विचारतो. कोशिंबीर आणि भाजी आधी वाढा, लोणच्याएवढी नव्हे, वाटीभर. मुलाने ‘नको’ म्हटलं तर ‘एवढं संपव, मग उठ’ म्हणू नका. तासाभराने भूक लागली तर लागू दे. पाहुण्याला एकदा विचारा, भांडं त्याच्याकडे सरकवा आणि वाढून घ्यायचं त्याच्यावर सोडा.

आणि उरलेल्या पोळ्यांचं काय, म्हणाल तर रात्री कुणी त्या संपवायच्या नाहीत. डब्यात ठेवायच्या. सकाळी कुस्करायच्या, कांदा दुप्पट घालायचा, मूठभर मटार असतील तर तेही, आणि फोडणीला तेल एकच चमचा. चौघांचा नाश्ता होतो.