आदर्श असल्याचे स्वयंघोषणापत्र

आपण आदर्श आहोत हे आपले आपणच सांगावे, या प्रथेला केंद्र सरकारने २०१८ साली अधिकृत मान्यता दिली. तोवर राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी गुरुजींचे नाव वरच्या साहेबांना सुचावे लागे, आणि ते सुचावे म्हणून गुरुजींना काय काय करावे लागे, ते इथे न लिहिलेलेच बरे. आता पोर्टल आहे. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका आणि आदर्श व्हायला लागा. ‘आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये’ असे ज्यांनी पाचवी ते दहावीच्या पोरांना जन्मभर बजावले, त्यांना हे सुरुवातीला जड गेले. मग मार्ग निघाला. बाई किंवा गुरुजी संकोचाने खुर्चीत मागे सरकून बसतात आणि त्यांची स्तुती जावई टाइप करतो.

खरे सांगायचे तर ही सुधारणाच होती. त्याआधी दरवर्षी तीनशेहून अधिक शिक्षक दिल्लीला जात. २०१८ साली हा आकडा एकदम पन्नासाच्या आत आला. जिल्ह्याची समिती, राज्याची समिती, मग राष्ट्रीय परीक्षक मंडळ अशी चाळणी लागली. त्यातून जे उरतील त्यांना ५ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या हस्ते प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि पन्नास हजार रुपये. या कशालाच माझी हरकत नाही. हरकत आहे ती चाळणीत काय टाकायला सांगतात त्याला.

अर्जासोबत पोर्टफोलिओ लागतो. त्यात कागदपत्रे, साधने, उपक्रमांचे अहवाल, क्षेत्रभेटी, छायाचित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती असे सगळे चालते. म्हणजे ज्याचा फोटो निघतो ते शिक्षण. वृक्षारोपणाचा फोटो निघतो: एका रोपाला सात जणांचे हात, आणि रोप कुठे आहे ते विचारायचे नाही. विज्ञानाचाही बऱ्यापैकी निघतो, कारण विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी असतो. थर्माकोलचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर, आणि फेस उतू जाण्याच्या नेमक्या क्षणी गटशिक्षणाधिकारी साहेबांचे बोट डोंगराकडे. शेजारी इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी असतोच. तो गेली पंधरा वर्षे महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात पहिल्यांदाच बनतो आहे. असे प्रकल्प तयार विकणारी दुकानेही आहेत. तिथला माणूस चौथीपासून नववीपर्यंत कुठल्याही इयत्तेला मार्गदर्शन करतो, पण ‘मार्गदर्शक शिक्षक’ या रकान्यात त्याचे नाव कधी येत नाही. केंद्राच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत निवड झाली की पोराच्या खात्यात प्रकल्पासाठी दहा हजार रुपये येतात. त्यातले कल्पनेवर किती खर्च झाले आणि स्प्रे पेंटवर किती, हा हिशेब गणिताच्या शिक्षकाला कुणी विचारत नाही.

गणिताच्या शिक्षकाची गोष्टच वेगळी. त्याच्याकडे दाखवायला काही नसते. सहावीतली एक मुलगी तीन आठवडे एकछेद चार अधिक एकछेद सहा बरोबर दोनछेद दहा असे लिहीत असते. गुरुजी तिला भाकरी कापून दाखवतात, दोरी कापून दाखवतात, डोके धरून बसतात. मग एका मंगळवारी तिला कळते की एकछेद चार म्हणजे पाव, त्यात भर घातल्यावर उत्तर पावाहून कमी येईलच कसे! गणिताच्या वर्गात याहून मोठी घटना घडत नाही. तिचा फोटो काढला तर त्यात फक्त एक मुलगी वहीकडे बघते आहे. जिल्हा समितीचा शेरा: लोकसहभाग दिसत नाही.

हा अर्ज आपल्याकडच्या एका जुन्या शिक्षकाने भरला असता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहिला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. नोकरी देवळालीच्या शाळेत, १९३० ते १९६२. उपक्रमाचे नाव: वजाबाकी. साहित्य: खडू. खर्च: शून्य. इथेच फाइल संशयात सापडली असती, कारण ज्याला खर्च नाही त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कुठून आणायचे? उपक्रमाचे स्वरूप: चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथेच राहते. फलनिष्पत्ती: काही नाही, मजा. या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. कापरेकरांना ती १९४९ साली सापडली. पुढे मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि जग वळून बघू लागले. पण ते साल होते १९७५. मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला १९५८ साली. ही संख्या कापरेकरांच्या यंत्रात घालून पाहा: ९८५१ वजा १५८९ बरोबर ८२६२. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि पाचव्या फेरीला ६१७४. आता सुधारणेचे साल २०१८ घ्या: ८२१० वजा ०१२८ बरोबर ८०८२, मग ८५३२ आणि तिसऱ्याच फेरीला ६१७४. साठ वर्षांत दोन फेऱ्या वाचल्या. प्रशासकीय सुधारणा म्हणतात ती हीच. पोहोचायचे तिथेच आहे, पण ऑनलाइन.

वजाबाकीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आकडा. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी येते. त्याच्या दोन वर्षे आधी २५.९ टक्क्यांना येत होती, म्हणजे कुणीतरी कुठेतरी चांगले शिकवले आहे. ते कोण, हे शोधायला मात्र आपल्याकडे कुठलेच पोर्टल नाही.

आणि समजा सापडले, तर बहुधा ते अपात्र निघतील. कंत्राटी शिक्षकाला या पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही. आता आपल्या शाळा-महाविद्यालयांत गणित-विज्ञान कोण शिकवते ते पाहा. शाळेत मानधनावरचे, महाविद्यालयात तासिका तत्त्वावरचे. सकाळी एका गावात प्रकाशाचे अपवर्तन, दुपारी दुसऱ्या गावात तेच अपवर्तन, मध्ये एसटी. पगार तासांवर, दिवाळीत आणि मे महिन्यात तोही नाही. या माणसाने शिकवलेले तात्पुरते धरले जात असावे. करार संपला की विद्यार्थ्याने पायथागोरसचा सिद्धांत जमा करून निघावे. खासगी शिकवण्या घेणाराही चालत नाही. हा नियम मला आवडतो. पण पोटासाठी संध्याकाळी शिकवणी घेणारा तासिकेवाला मग दोन्हीकडून बाद होतो, आणि शहरातल्या भिंतीएवढ्या फलकावर नीटच्या टॉपरच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेले सर कुणाच्याही पुरस्काराची वाट बघत नाहीत.

अमेरिकेत गणित आणि विज्ञानाच्या शालेय शिक्षकांसाठी स्वतंत्र राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार आहे, १९८३ पासून. दहा हजार डॉलर मिळतात, आणि विज्ञानाची वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शकांसाठी वेगळा पुरस्कारही आहे. तिथेही शिक्षकांना पानेच्या पाने लिहावी लागतात, पण सोबत आपल्या वर्गाचे तीस मिनिटांचे सलग, काटछाट न केलेले चित्रीकरण द्यावे लागते. ही अट आपल्याकडे आणावी अशी सूचना कुणी करू नये. सलग तीस मिनिटे! पहिली सहा मिनिटे हजेरी आणि ती ऑनलाइन भरण्यात. सातव्या मिनिटाला केंद्रप्रमुखांचा फोन: आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी आजच्या आज. बाराव्या मिनिटाला खिचडी शिजली, चव घेऊन चव-नोंदवहीत सही. पंधराव्याला दारात गावकरी, ‘गुरुजी, मतदारयादीत आमच्या सुनेचं नाव नाही आलं’. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये. कलम नीट पाळले जाते. बाकीच्या सगळ्या कामांना शैक्षणिक म्हणतात, इतकेच. अठ्ठाविसाव्या मिनिटाला गुरुजी फळ्याकडे वळतात, ‘तर मुलांनो, घनफळ’ म्हणतात आणि चित्रफीत संपते. परीक्षकांनी त्या दोन मिनिटांनाच पदक द्यावे, मी टाळ्या वाजवीन.

शास्त्रज्ञांच्या बाजूला तरी बरे चालले असेल म्हणून तिकडे पाहिले. केंद्राने विज्ञानातल्या पुरस्कारांची छाटणी करून २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले. विज्ञान रत्न तीन, विज्ञान श्री पंचवीस, शांतिस्वरूप भटनागरांच्या नावाने विज्ञान युवा पंचवीस, विज्ञान टीम तीन, असे जास्तीत जास्त छप्पन्न. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपती भवनात ते पहिल्यांदा दिले गेले. चार रकाने आहेत आणि शिकवणाऱ्याचा एकही नाही. रत्ने आहेत, पैलू पाडणाऱ्याने मागच्या दाराने यावे. सत्काराच्या भाषणात रत्नांपैकी कुणी ‘आमच्या शाळेतल्या बाई’ म्हणून हळवे होतातही, पण बाईंना तो कार्यक्रम बघता येत नाही. त्या वेळी त्यांचे प्रशिक्षण असते, विषय ‘आनंददायी अध्यापन’, सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेपाच, उपस्थिती अनिवार्य.

अधूनमधून जग आपल्या एखाद्या मास्तरला शोधून काढते, नाही असे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्यानंतर फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायचे म्हणून त्यांनी रजा मागितली, तर ते प्रकरण थेट शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेले. बाजू कुणाची बरोबर होती त्यात मी पडत नाही. पण दहा लाख डॉलर एका सोहळ्यात हातात पडतात आणि रजेच्या अर्जाला मंत्री लागतो, एवढी नोंद पुरस्काराची फेरमांडणी करणाऱ्यांनी जरूर करावी.

फेरमांडणी कशी करावी, याचा एक प्रस्ताव मीही तयार केला आहे. शिक्षकाने अर्ज करायचा नाही. त्याला कळूही द्यायचे नाही. अर्ज करील विद्यार्थी, वय पस्तिसाच्या पुढे, गणितात किंवा विज्ञानात एकदा तरी नापास झालेला. नापासाची अट महत्त्वाची आहे, कारण पहिला आलेला कुणाकडूनही शिकला असता. त्याला चार प्रश्न. बँकेतल्या माणसाने कर्जाचा हप्ता सांगितला तर तुम्ही मुद्दल-व्याज वेगळे मांडून बघता का? तांब्याच्या पेल्यातल्या पाण्याने मधुमेह बरा होतो हा संदेश तुम्ही पुढे पाठवता, की आधी विचारता, ‘कुणी तपासलं?’ लेकीने विचारले की दिवसा चंद्र कसा दिसतो, तर तुम्ही तिला गप्प बसवता, की गच्चीवर नेता? आणि शेवटचा, असे वागायची सवय कुणी लावली? चौथ्याच्या उत्तरात ज्याचे नाव येईल, तिथे परीक्षकांनी न कळवता जावे, मागच्या बाकावर बसावे आणि पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न विचारावा. ‘मला माहीत नाही, शोधू या’ म्हणणाऱ्याला पैकीच्या पैकी. ‘हे परीक्षेला नाही’ म्हणणारा जागीच बाद. शाल-श्रीफळ नको, पाहुणे नकोत, चौकात फ्लेक्स नको. शाळेला एक प्रयोगशाळा सहायक द्या आणि त्या शिक्षकाला वर्षभर कुठलीही माहिती मागू नका.

प्रस्ताव एका परिचित अधिकाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दोनदा वाचला.

‘कल्पना चांगली आहे हो,’ ते म्हणाले, ‘पण विद्यार्थी पस्तिशीचा व्हायचा तोवर शिक्षक रिटायर. आणि निवृत्तांना हा पुरस्कार देता येत नाही. निवडीच्या वर्षी निदान चार महिने तरी नोकरी झालेली लागते.’

‘मग?’

‘मग असं करू. पस्तिशीपर्यंत थांबायलाच नको. तिसरीतच पोरांकडून लिहून घेऊ. “मी मोठेपणी विचार करीन, होय की नाही?” होयवर टिक करायची.’ त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘आणि टिक करतानाचा एक फोटो जोडा. जिओटॅग केलेला.’