पाच मिनिटांत व्हिडिओ एडिटर व्हा

साहित्य : भाच्याच्या बारशाच्या बेचाळीस क्लिपा, एक लॅपटॉप आणि भर पंगतीत "दोन मिनिटांचं काम, मी करतो" असं बोलून बसलेला मामा. हा शेवटचा जिन्नस बहुतेक घरांत तयारच मिळतो.

दाविंची रिझॉल्व्ह उघडा. बारशाला फुकटातली आवृत्ती पुरते. आता वर पाहा : फाइल, एडिट, ट्रिम, टाइमलाइन, क्लिप अशी मेनूंची रांग. खाली पाहा : मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर ही सात पानं. एडिट वरही आहे आणि खालीही. फ्यूजन, कलर, फेअरलाइट यांचंही तेच. वरचं एडिट म्हणजे कॉपी-पेस्ट सांभाळणारा कारकून. कापाकापी चालते ती खालच्या एडिटात. तिथे बसून वरचं कलर उघडलंत तर आतलं बरंचसं फिकं दिसेल. लॅपटॉप बिघडलेला नाही. साहेब जागेवर नसले की शिपाई अर्ज घेत नाही, तसंच हे.

कापायला 'बी' दाबा. बाणाचा वस्तरा होतो. पुढे 'ए' दाबायचं लक्षात राहिलं नाही तर जिथे टिचकी माराल तिथे तुकडा पडेल, आणि आत्याबाई अर्ध्या पाळण्यातच संपतील. कंट्रोल-झेड.

एखादं पॅनल गायब होईल. होतंच. वर्कस्पेस मेनूत 'रिसेट यूआय लेआउट' आहे. घरातल्या पसाऱ्याला असं काही निघालेलं नाही.

फाइलमधलं सेव्ह दाबून ताईला "झालं गं" असा फोन करू नका. सेव्ह होतो तो प्रोजेक्ट, म्हणजे कुठून काय कापलं याची टिपणवही. मूळ क्लिपा असतात तिथेच राहतात. पेनड्राइव्ह काढलात की पडद्यावर लाल पाटी : मीडिया ऑफलाइन. व्हिडिओ बनतो डिलिव्हर पानावर, आणि तिथेही एका बटणात भागत नाही. आधी 'अ‍ॅड टू रेंडर क्यू' म्हणून रांगेत नंबर लावा, मग 'रेंडर ऑल'. नुसता नंबर लावून झोपलेले मामा सकाळी रिकामं फोल्डर उघडतात.

झालेली फाइल ताईला पाठवा. अर्ध्या तासात तिच्या सासूबाईंचा फोन येईल : "छान झालंय हो, पण यात आमच्याकडचं कुणीच कसं नाही?"

एडिट उघडा. खालचं.