एकवीस अपेक्षित जावास्क्रिप्ट

पुण्याच्या नारायण पेठेत अभ्यासाला जागा कमी पडेल, साहित्य नाही. पत्र्या मारुतीच्या आसपासच्या अभ्यासिकांत एमपीएससीवाले भाड्याने खुर्ची धरतात, आणि चार पावलं पुढे अप्पा बळवंत चौकात बाराखडीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंतचं ज्ञान ‘एकवीस अपेक्षित’ प्रश्नसंचांच्या थाटात बांधून मिळतं. परीक्षेसाठी हा थाट उत्तम, कारण परीक्षेला तारीख असते. वेबसाइट बनवण्याची नवी भाषा घरबसल्या शिकणाऱ्याला तारीख नाही, पेपर नाही, नापास करणारं कुणी नाही. मग तो अभ्यासाऐवजी अभ्यासाचं साहित्य जमवतो. माझं तर मत असं की हे जमवणं हाच त्याचा खरा छंद, जावास्क्रिप्ट नुसतं निमित्त.

पुरावा पाहा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. पुढे तिच्यावरच्या डेव्हिड फ्लॅनगन यांच्या ग्रंथाची २०११ची आवृत्ती हजार पानांपलीकडे गेली. तर त्याआधी, २००८मध्ये, डग्लस क्रॉकफर्ड यांनी भाषेतलं फक्त चांगलं तेवढं निवडून पुस्तक लिहिलं, ते दोनशे पानांच्या आत आटोपलं. पानाला किती पडले याचा हिशोब करणारा गृहस्थ अर्थातच जाड पुस्तक उचलतो. शिवाय एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प ही शिकवणारी संकेतस्थळं फुकट. फुकट म्हटल्यावर सोडवत नाही, आणि ‘नंतर पाहू’च्या यादीत जाऊन पडलेला व्हिडिओ पाहिल्यासारखाच वाटू लागतो.

यावर कुणी म्हणेल, भाषा दरवर्षी बदलते, तर ताजं साहित्य नको का? २०१५पासून तिची दरवर्षी नवी आवृत्ती निघते हे खरंच. पण ब्राउझर उघडा, एफ-१२ दाबा आणि कन्सोलमध्ये ‘नल’चा प्रकार विचारा. नल म्हणजे काहीच नाही. उत्तर मात्र येतं ‘ऑब्जेक्ट’. ही चूक १९९५ची. दुरुस्त केली तर जुन्या साइट मोडतील, म्हणून तशीच ठेवलेली. पेठेतल्या भर रस्त्यातल्या देवळासारखी: वळायचं ते रहदारीने. एवढं जुनं जिथे जपलं जातं तिथे पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक नासत नाही.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा, आणि तो खोटा नाही. पण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये पीएचपीसारखे वेबसाइटचे विषय मराठी आवाजात आहेत. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला आपलं काम. पाठ छोटा, निवेदन सपाट, ‘चॅनेल सबस्क्राइब करा’ नाही. नुसतं बघत बसलं तर झोप येते, आणि हाच त्याचा मोठा गुण. हात चालवावेच लागतात.

राहिला क्लास. तिथे शिस्त लागते म्हणतात. माझ्या मते भरलेली फी वसूल करायची असते, त्याला शिस्त म्हणायची पद्धत आहे. तोच धाक फुकटात हवा असेल तर कुठलंही एकच साधन धरावं आणि गल्लीतल्या मंडळाच्या वर्गणीचा हिशोब दाखवणारं पान चतुर्थीच्या आत करून देतो, असं चारचौघांत कबूल करावं. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, आणि आपल्या नावापुढचे एक्कावन्न रुपये दिसत नाहीत हे सांगायला पेठेतले ज्येष्ठ नागरिक सकाळी सातलाच फोन करतात.