तांडेल

कुबरनेटीस हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ सुकाणू धरणारा. म्हणून आमच्या टीममध्ये कुबरनेटीस ही प्रणाली सांभाळणाऱ्या डेव्हऑप्सवाल्याला मी तांडेल म्हणतो. माणूस कराडचा; मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा त्याला मळमळतं. पण भाषा सगळी दर्यावर्दी. आमचं ॲप भरायचं 'कंटेनर'मध्ये, त्याची बांधणी म्हणजे 'चार्ट', आणि तो सर्व्हरांच्या ताफ्यावर (क्लस्टरवर) चढवणारं अवजार 'हेल्म', म्हणजे पुन्हा सुकाणूच. लॅपटॉपवर सात आऱ्यांच्या चाकाचं स्टिकर. त्याच्या सासूबाईंनी ते धर्मचक्र समजून एकदा हात जोडले होते. यानेही खुलासा केला नाही.

कसं करायचं ते सांगायचं नाही, काय हवं तेवढं लिहून ठेवायचं, हा त्याचा धर्म. यॅमल फाईलीत 'तीन पॉड' (ॲपच्या तीन चालू प्रती) लिहिलं की एक मेला तरी क्लस्टर आपणहून दुसरा उभा करतं. हे तो असं सांगतो, की जणू 2014 साली गूगलने कुबरनेटीस आणलं तेव्हाच जगाला ही युक्ती सुचली. माझे आजोबा ओटीवर बसून 'चार वाजता चहा असावा' एवढंच जाहीर करायचे. साखर आहे का, स्टोव्ह पेटतोय का, चौकशी नाही. चहा नाही आला तर तेच वाक्य पुन्हा. आजी म्हणजेच क्लस्टर. तांडेलनेही घरी फ्रिजवर चिठ्ठी लावून पाहिली: 'दूध: दोन पिशव्या'. संध्याकाळी खाली बायकोचं अक्षर होतं: 'क्लस्टर माहेरी गेलंय.'

यॅमलचं सोवळं मात्र कडक. ओळीआधी सोडलेल्या जागेवर तिथे घराणं ठरतं. दोन स्पेस चुकल्या की पोर भलत्याच बापाच्या नावावर लागतं. टॅबला तर शिवायचंही नाही. मेमरी देताना हा मेसच्या मालकासारखा हात आखडतो: '256 एमबीत भागव.' नाही भागलं की पॉड मरतो आणि हा पंचनाम्याच्या सुरात म्हणतो, '137.' मर्यादेबाहेर मेमरी खाऊन मारला गेलेल्याचा तो आकडा. हेल्मच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'टिलर' नावाचा एक घटक क्लस्टरभर अधिकार घेऊन बसलेला असे. 2019 मध्ये तिसऱ्या आवृत्तीने त्याला घालवलं. ती हकिकत तो चाळीतला भाडेकरू एकदाचा निघाल्यासारखी सांगतो.

परवा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारीच बसला होता. आदल्या संध्याकाळचा 'छोटासाच बदल' माझा, त्यामुळे मी मान खाली घालून जेवत होतो. याचा उजवा हात श्रीखंडात, डावा लॅपटॉपवर. पॉड उठत होता, पडत होता. पडलेल्याला क्लस्टर आधी 10 सेकंदांनी उठवतं, मग 20, मग 40, असं ताणत 5 मिनिटांवर नेतं. पण सोडून देत नाही.

'मसालेभात वाढू?' वाढप्याने विचारलं.

'थांबा, उठतोय.'

वाढपी लगेचच परत आला. मग जरा वेळाने. मग पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि आलाच नाही.